चाकणच्या खोलीत आपला पोरगा एकटा आहे



जिल्हा मेळाव्याच्या या अंकाचे पहिले पान दरवेळी कापसाच्या भावाला असते. या वेळी भाव आत गेला आहे आणि पहिले पान आम्ही दुसऱ्याच कामाला घेतले आहे. काही जुने कार्यकर्ते यावर रागावले. त्यांचा राग आम्हाला समजतो. दोन वर्षांपूर्वी आम्हीही रागावलो असतो.

गेल्या हिवाळ्यात, दुसरी वेचणी चालू असताना, आमच्या तालुक्यातल्या एका गावात चाकणहून रुग्णवाहिका आली. आत तेवीस वर्षांचा पोरगा. आयटीआय झालेला, चार एकर कोरडवाहूचा एकुलता वारस, दोन वर्षे तिकडे ठेकेदाराकडे कामाला. त्याने स्वतःचा जीव दिला होता. गावाचे नाव लिहीत नाही, पोराचेही नाही. त्या घराने पुरेसे सोसले आहे. आम्ही खांदा दिला. तेराव्यापर्यंत दोनदा जाऊन आलो. ओट्यावर बसल्यावर तोंडातून नेहमीचेच निघाले: कापूस काय भावाने गेला, सोसायटीचे किती थकले, बोंडअळीने किती खाल्ले. बाप ऐकत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, तुम्ही वीस वर्षं या ओट्यावर बसता. दर वेळी कापसाचं विचारता. माझ्या पोराचं कधी विचारलं होतं का?"

आम्ही मान खाली घातली. दुसरे काय करणार?

रुग्णवाहिकेबरोबर त्याचे दोन खोलीमित्र आले होते. एक बीडकडचा, एक वाशीमचा. त्यांच्याशी रात्री बोलणे झाले. पोरगा महिनाभर नीट झोपत नव्हता. डबा तसाच परत जायचा. ठेकेदाराने त्याला ब्रेक दिला होता, म्हणजे काही महिने काम करून घेऊन गेट बंद. घरी मात्र रोज फोनवर "सगळं बरं आहे, ओव्हरटाइम चालू आहे" असे चालले होते. खोलीमित्रांना दिसत होते की याचे काही ठीक नाही. पण विचारायचे कसे, विचारल्यावर तो काही बोललाच तर पुढे काय करायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. वाशीमचा पोरगा म्हणाला, "दारू पीत नव्हता, म्हणून आम्हाला वाटलं बराच आहे."

चाकण म्हटले की आपल्या जुन्या माणसांना कांदा आठवतो. १९७८ ते ८० चे कांद्याचे आंदोलन, रस्त्यावर बसलेले शेतकरी. आज त्याच परिसरात महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या रानात कारखान्यांच्या भिंती आहेत आणि भिंतींच्या बाहेर पत्र्याच्या नाहीतर सिमेंटच्या खोल्या. पिंपरी, भोसरी, तळवडे भरले, तसे सगळे उत्तरेला सरकले. या खोल्यांत कोण राहते ते पाहायला एकदा जा. बीड, हिंगोली, यवतमाळ, बुलढाणा, अकोला. बाहेर वाळत घातलेले कपडे कंपनीचे, आतली माणसे आपल्या धुऱ्यावरची. एका खोलीत सहा, आठ, कुठे दहा. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच अंथरुणावर पडतो. साप्ताहिक सुटी कुणाची रविवारी, कुणाची गुरुवारी. दोन सख्खे चुलतभाऊ एका खोलीत राहून आठवडा आठवडा एकमेकांशी धड बोलत नाहीत, कारण एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला.

हा पोरगा तिकडे गेला का? तुम्हाला माहीत आहे. जमिनीत भागत नाही हे अर्धे कारण. उरलेले अर्धे आपण चारचौघांत बोलत नाही. कोरडवाहू शेती करणाऱ्याला पोरगी मिळत नाही. ज्याच्या घरी ज्वारीची कणगी भरलेली, त्याच्याही घरी सोयरीक येत नाही. आपल्याच मुलीला स्थळ पाहताना आपण विचारतो, "पोरगा काय करतो?" आणि समोरून "शेती" असे उत्तर आले की चहा पिऊन उठतो. म्हणून पोरगा "पुण्याला कंपनीत" जातो. त्या दोन शब्दांवर त्याचे लग्न, बहिणीची सोयरीक आणि बापाची पत उभी असते. मग ब्रेक मिळाला, बोट मशीनमध्ये गेले, पगार तीन महिने अडकला, तरी तो घरी कसा सांगेल? गावाकडे बाप कर्ज झाकतो, चाकणला पोरगा बेकारी झाकतो. दोघे रोज फोनवर एकमेकांना "बरं आहे" म्हणतात. दुखणे अंगावर काढायची ही रीत आपण पोरांना घरातच शिकवली आहे. ताप अंगावर काढला तर माणूस अंथरुणाला खिळतो, दिसतो तरी. मनाचे दुखणे अंगावर काढलेले कुणाला दिसत नाही.

असा पोरगा मेला की कागदावरही आपला राहत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल घ्या. शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी त्या वर्षी देशात आत्महत्या केल्या, त्यांतले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. हे आकडे आपण सभेत सांगतो. पण त्याच अहवालात आणखी एक रकाना आहे, रोजंदारीवाल्यांचा. देशात झालेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी शंभरातल्या सव्वीसांहून जास्त त्या रकान्यात आहेत. धुरा ओलांडून ठेकेदाराकडे गेलेला शेतकऱ्याचा पोरगा कोणत्या रकान्यात पडतो? आपल्या नक्कीच नाही. तहसीलदाराच्या पात्र-अपात्रच्या यादीतही त्याला जागा नाही. आम्ही त्याच्यासाठी मोर्चा काढत नाही, कामगार संघटना काढत नाही, कारण तो कायम कामगार नव्हता. मेल्यावरही त्याला कुणाचा झेंडा नाही.

आता भांडण आमच्याच माणसांशी आहे, ते सरळ करू.

आपण वर्षानुवर्षे एक वाक्य बोलत आलो: "शेतकऱ्याला मनाचा डॉक्टर नको, मालाला भाव द्या." हे वाक्य उगाच आले नव्हते. २००६ मध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचे पॅकेज आले आणि त्यामागोमाग उपदेश करणाऱ्यांची रांग लागली. लग्नात खर्च करू नका, दारू सोडा, मन शांत ठेवा. जणू कापूस उत्पादन खर्चाखाली विकला जातो तो शेतकऱ्याचे मन अशांत आहे म्हणून! पुढे २०१५ मध्ये सरकारने विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प काढला, आशाताईंच्या हातात फॉर्म दिले, १०४ क्रमांक दिला. त्याही वेळी आम्ही म्हणालो, कर्जाचे कारण झाकायला आजाराची चादर आणली. तो संशय खोटा नव्हता आणि आजही आम्ही तो सोडलेला नाही. धोरणाने केलेल्या जखमेला जो रोग्याचा स्वभाव म्हणतो, त्याच्याशी आमचे भांडण राहील.

पण त्या वाक्याने आमचेच एक नुकसान केले. "भाव द्या" म्हणताना आम्ही माणसाला विचारायचे सोडून दिले. भाव हातात येईपर्यंत मधली जी रात्र आहे, ती रात्र काढायला माणसाजवळ कोण बसणार, हा प्रश्न आम्ही सरकारवर टाकला आणि सरकारने फॉर्मवर. शिवाय एकाच शिवारात, तेवढ्याच कर्जात, तेवढ्याच पावसात एक घर मोडते आणि दुसरे तगते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तगलेल्या घरात नीट विचारा. बहुतेक वेळा कुणीतरी वेळेवर येऊन बसलेले असते. मेहुणा, शेजारीण, शाळेतला मित्र.

हे काम शिकवून करता येते का? येते, आणि ते आपल्या कापसाच्या मुलुखात करून झाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गोव्यातून सुरू झालेली 'संगाथ' आणि विदर्भातली 'प्रकृती' या संस्थांनी तो केला. मुंबई-पुण्याचे डॉक्टर आणून गावात बसवले नाहीत. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवले: घरी जायचे, बोलायचे, कोण खचला आहे ते ओळखायचे, पहिला आधार द्यायचा. त्यांच्यावर शिकवलेले समुपदेशक, आणि ज्याला औषधाची गरज त्याच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला पाहणी केली तेव्हा खचलेल्या शंभर माणसांतली जेमतेम चार मदतीपर्यंत पोचलेली होती. दीड वर्षांनी पुन्हा पाहिले तर सत्तावीस. वर्षभरात जीव द्यावासा वाटला असे सांगणारे शंभरात पाच होते, ते अडीचवर आले. हे २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आहे. तुलनेसाठी दुसरी गावे घेतली नव्हती, म्हणून सगळे श्रेय कार्यक्रमाला देऊन आम्ही मोकळे होणार नाही. जे आकडे आहेत तेवढेच सांगतो. पण चारचे सत्तावीस होतात, हे "आपली माणसे असले काही बोलतच नाहीत" म्हणणाऱ्यांना पुरेसे उत्तर आहे. विचारणारा घरी आला, तर बोलतात.

नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या केंद्राने 'आत्मीयता' चालवली. तिथे तर शेतकरी मंडळांतली आणि बचतगटांतली माणसेच निवडली. म्हणजे आज या मांडवात बसली आहेत तशीच. हेच काम पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत नेले. आणि दूरचे सांगायचे तर झिंबाब्वेत. तिथे मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. २००६ पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेतल्या म्हाताऱ्या आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेर बाकावर बसवले. त्यांच्या भाषेत या दुखण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो 'फार विचार करणे'. आपल्या आया म्हणतात ना, "लई इचार करतो रे पोरगा"? अगदी तेच. २०१६ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली: सहा महिन्यांनी, नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले शंभरात पन्नास अजून खचलेले होते, आजीच्या बाकावर बसलेल्यांतले चौदा.

ज्याचे जळते त्याला कळते, हे तर आपण रोज म्हणतो. पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून याच धाग्यावर उभे आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केले. तिथे दारू सोडायला आलेल्याला समोर बसवून बोलणारा बऱ्याचदा स्वतः दारूतून उठलेला असतो. पिणारा हजार थापा मारू शकतो, पण त्या सगळ्या थापा ज्याने स्वतः मारल्या आहेत त्याच्यापुढे त्याचे चालत नाही, आणि लाजही वाटत नाही. ब्रेक मिळाल्यावर घरी खोटे बोललेला, तीन महिने बोललेला, आणि त्यातून वर आलेला एक पोरगा प्रत्येक वस्तीत असतोच. चाकणच्या खोलीत बसून ऐकायला तोच पाहिजे. त्याला पंधरा दिवस शिकवा, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.

पैशांवर आम्ही मुद्दाम बोट ठेवतो. आपल्याकडे सेवेचे काम निघाले की ते बाईच्या पदरात फुकट टाकायची खोड आहे. आशाताईंचे काय चालले आहे ते पाहतोच: कामाची यादी लांबतच जाते आणि पगार नाही, मोबदला! ऐकणे हे काम आहे. रात्री अकराला फोन आला तर उठून जावे लागते. ते करणाऱ्याला मजुरी मिळाली पाहिजे. कुठून? कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ सांगते की मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करावेत. चाकण पट्ट्यात त्या पैशांचे फलक जागोजागी दिसतात: बसथांबा, झाडे, शाळेला रंग. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या पोरांच्या हातांनी तो नफा झाला त्यांच्या खोल्यांपर्यंत त्यातला काही भाग जावा. कारखान्याच्या आत कायम माणसांसाठी योगाचा वर्ग असेल, समुपदेशकाचा फोनही असेल. पण ब्रेक मिळालेल्याचा गेटपास त्याच दिवशी जमा होतो. नेमक्या ज्या दिवशी त्याला कुणी विचारायला हवे, त्या दिवशी तो भिंतीबाहेर असतो. म्हणून ऐकणारे वस्तीत हवेत, आणि ते ना ठेकेदाराचे ना कंपनीचे असावेत. आपण काय बोललो ते उद्या सुपरवायझरला कळेल अशी शंका आली, की पोरगा तोंड उघडणार नाही.

गावातही तीच अडचण आहे. "एकाला सांगितलं की गावभर." खरे आहे. म्हणून माणूस निवडताना पाहून निवडा. उधारी देणारा कृषी केंद्रवाला नको, सावकार नको, भावकीतला भांडणारा नको. पुढारीही नको, पुढाऱ्याला ऐकायची सवय नसते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. प्रत्येक गावात दोन तरी असावेत, त्यांतली एक बाई. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरातल्या बाईजवळ तेराव्यानंतर कोण बसते? तिला कर्जाचा कागद आणि दिराचा तगादा दोन्ही एकाच दिवशी समजतात. जिने हे सोसून घर उभे केले, तीच तिच्याजवळ बसू शकते. यावर वेगळे पान लिहावे लागेल.

ऐकणाऱ्याने करायचे काय, ते थोडक्यात. सरळ विचारा: "जीव नकोसा झालाय का?" असे विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट ओझे उतरते. उपदेश करू नका, दुसऱ्याची दुःखे मोजून दाखवू नका. "हो" म्हणाला तर त्याला एकटा सोडू नका आणि घरातले फवारणीचे औषध त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी. ही छोटी गोष्ट वाटेल. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल शेती-विषांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या दहा वर्षांत निम्म्यावर आल्या. ती अनावर घडी टळली की माणूस पुष्कळदा वाचतो. मग त्याला डॉक्टरकडे घेऊन जा, नुसते "जा" म्हणू नका. कानात आवाज येतात, कुणी मारायला येते असे भास होतात, त्याला बोलून बरे वाटणार नाही. त्याला औषध लागते, आणि भगताकडे घालवलेला एकेक महिना त्याला महागात पडतो. औषध घेणाऱ्याला वेडा म्हणणारी जीभ आपल्याच घरात आहे, ती आधी आवरा.

पोलिसांच्या भीतीने लोक दवाखाना टाळतात, म्हणून कायदाही सांगून ठेवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ म्हणते, की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाईल आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे काम आहे. जुन्या दंडसंहितेतले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत राहिलेले नाही. फक्त सरकारी माणसाला काही करायला भाग पाडण्यासाठी किंवा काही करण्यापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न केला, तर तो नव्या कलम २२६ खाली गुन्हा ठेवला आहे. खचलेल्याला माफी, पण कलेक्टर कचेरीसमोर खचला तर गुन्हा! यावर आम्ही वेगळे भांडू.

आता मेळाव्याचे. दुपारी भावाचा ठराव होईल. तो झाल्यावर कुणी उठू नये. प्रत्येक तालुक्याने चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात असलेल्या आपल्या पोरांची यादी आणायची आहे: नाव, वस्ती, कोणत्या ठेकेदाराकडे, घरचा फोन. ही यादी भिंतीवर लागणार नाही, तालुक्यातल्या दोनच माणसांकडे राहील. पुढच्या महिन्यापासून एका रविवारी आणि एका गुरुवारी आपल्यातले चारजण चाकणला जातील, भाकरी-ठेचा घेऊन, झेंडा न घेता. शिकवणाऱ्या संस्थांशी बोलायची जबाबदारी आम्ही घेतली आहे. प्रत्येक गावातून दोन नावे हवीत. रात्रीबेरात्री कुणाला लागलाच तर सरकारचा टेलिमानस हा फुकट क्रमांक १४४१६ आहे. २०२२ पासून तो चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो प्रत्येकाने फोनमध्ये घालून घ्या.

आणि त्या बापाला आम्ही या मेळाव्याला बोलावले आहे. ते येतो म्हणाले आहेत. ते आले की कुणी आधी कापसाचे काढू नका.